अस्सल, नक्कल आणि स्वाक्षरी

अकोटसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे सरकी, जिनिंग आणि सतरंजी यांपलीकडे मालाची चर्चा सहसा जात नाही, तिथे भविष्यवाद आणि अतिवास्तववाद या युरोपीय कलासंप्रदायांच्या वस्तू जमविणारा मनुष्य विक्षिप्त ठरावा हे स्वाभाविक आहे. परंतु या संप्रदायांनीच कॅनव्हासची मिरासदारी मोडून छापील पान, पत्रा, चिनी माती आणि जाहिरात यांना चित्राच्या पंक्तीस बसविले असल्यामुळे, तैलचित्र घेण्याची ऐपत नसलेल्यालाही येथे गांभीर्याने संग्रह करता येतो.

भविष्यवादाचा प्रवर्तक मारिनेत्ती याचा जाहीरनामा 20 फेब्रुवारी 1909 रोजी पॅरिसच्या ‘फिगारो’ दैनिकात आला. म्हणजे या चळवळीची आद्य वस्तूच मुळी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणारी होती. पुढे याच चळवळीतल्या देपेरोने 1927 मध्ये आपले पुस्तक नटबोल्टांनी आवळले, आणि 1932 मध्ये मारिनेत्तीच्या शब्दरचना चक्क पत्र्यावर छापल्या गेल्या.

अशा व्यवहारात अस्सल कशाला म्हणावे? भविष्यवादी शिल्पकार बोच्चोनीने 1913 मध्ये घडविलेली धावती मनुष्याकृती प्लास्टरची होती. 1916 मध्ये घोड्यावरून पडून तो वारला, आणि आज संग्रहालयांतून दिमाखाने उभी असलेली तिची ब्राँझची ओतकामे त्याच्या पश्चात झाली. तीच आकृती इटलीच्या 20 सेंटच्या युरो नाण्यावर आहे, आणि ते नाणे माझ्या संग्रही आहे. गतीच्या या उपासकाला पादपीठापेक्षा हातोहात फिरणारे नाणेच अधिक रुचले असते, असे मला आपले वाटते.

अतिवास्तववादी चित्रकार डालीचे प्रकरण याहून बिकट. महसुली दफ्तरात सहीशिक्का पाहून दस्तऐवज मान्य होतो. परंतु 1974 मध्ये फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी अँडोराकडे निघालेल्या गाडीत त्याच्या सहीचे 40,000 कोरे कागद पकडले, तेव्हापासून सही खरी असूनही चित्र खोटे असू शकते, हे जाणत्यांनी गृहीतच धरले. याउलट 1967 मध्ये त्याने एअर इंडियासाठी केलेले चिनी मातीचे रक्षापात्र, अनेक प्रतींत निघूनही, मी निःशंक अस्सल मानतो. शिंपल्याभोवती सर्पाचे वेटोळे, आणि खाली असे आधार की सरळ पाहता हंस, उलटे धरता हत्तीचे मस्तक. हीच युक्ती त्याने 1937 च्या चित्रात केली होती; पण तिथे फसतो तो केवळ डोळा, इथे मात्र वस्तू हातात घेऊन फिरवावी लागते. मोबदला म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले, आणि कंपनीने ते बंगळूरहून विमानाने जिनिव्हापर्यंत खरोखरच पोहोचविले!

मराठीपुरते बोलायचे तर माझे खरे ममत्व अनियतकालिकांवर आहे. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींचे ‘शब्द’ चक्रमुद्रित निघे. मेणकागदातून शाई झिरपताना पाने कुठे दाट, कुठे पुसट उमटतात, आणि त्यामुळे एकाच अंकाच्या दोन प्रतीही तंतोतंत सारख्या नसतात. असला हलका कागद वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पापडासारखा मोडतो, म्हणून गंजलेल्या टाचण्या काढून मी सुती दोऱ्याने शिवण घालतो, आणि खळ वापरत नाही, कारण कसरीला ती फार प्रिय. फिकी अक्षरे गडद करून देण्याची तयारी दाखविणारे कारागीर अधूनमधून भेटतात. त्यांना मी चहा पाजतो, अंक दाखवीत नाही.