ग्रांफूच्या पुढे, फोर-लोमध्ये

अटल बोगद्याच्या उत्तरेकडच्या तोंडातून बाहेर पडलं की बहुतेक गाड्या डावीकडे सिस्सू-केलाँगच्या रस्त्याला लागतात. उजवीकडचा रस्ता कोकसरवरून ग्रांफूला जातो आणि तिथून चंद्रा नदीच्या काठाकाठाने छत्रू, बातल, कुंझुम खिंड करत स्पीतीत उतरतो. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग ५०५. आम्ही जुलैत गेलो तेव्हा ग्रांफू ते बातल या जेमतेम पन्नास किलोमीटरांतला बराचसा पट्टा म्हणजे हिमनद्यांनी खाली लोटलेले धोंडे, मधूनच आडवे वाहणारे नाले आणि एका अंगाला खाली फेसाळती नदी, एवढंच होतं.

गाडी मारुतीची जिम्नी, शोरूममधून आली तशी. मी आणि ताई. सोबत ठाण्याच्या एका कुटुंबाची दुसरी गाडी होती, कारण अशा वाटेला एकट्या गाडीने जाऊ नये या मताची मी आहे. अडकलेली गाडी ओढायला दुसरी गाडी लागते, दोरी नुसती डिकीत असून भागत नाही. फोर-लोचा दांडा कधी टाकायचा, हे आधीच्या पावसाळ्यात मावळातल्या चिखलात शिकून झालं होतं. दगडांवरचं शिक्षण मात्र इथे होणार होतं.

निघण्यापूर्वी अनेकांनी विचारलं होतं, सस्पेन्शन उचललं का, मोठे टायर घातले का? नाही घातले. एक तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. दुसरं म्हणजे, कंपनीने दिलेलं काय आहे हे समजून घेण्याआधी त्यावर पैसे ओतणं मला पटत नाही. या गाडीचं पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच. समोरून ३६ अंशांचा चढ बंपर न घासता घेते, मागून ५० अंशांचा उतार सोडते. कच्चा आकडा एकच, मधला २४ अंशांचा. पाच दारांमुळे दोन चाकांमधलं अंतर वाढलंय, त्यामुळे उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकायची भीती. हे आकडे पाठ करण्यापेक्षा गाडीखाली आडवं पडून डिफरन्शियलचं हौसिंग कुठे लोंबतं, सायलेन्सर कुठून जातो हे बघून ठेवणं जास्त उपयोगी. मनालीच्या हॉटेलच्या अंगणात आम्ही दोघींनी ते केलं.

ग्रांफूला गाडी बाजूला घेऊन टायरची हवा २३ पीएसआयवर आणली. हवा कमी झाली की टायर दगडाला मिठी मारतो, पकड वाढते आणि गाडीतल्या माणसांची हाडंही कमी खिळखिळी होतात. पण मग वेग वाढवायचा नाही, आणि टायरच्या बाजूच्या भिंतीला धारदार दगड लागू द्यायचा नाही. हवा पुन्हा भरायचा छोटा पंप हवाच. माझ्या मते सुरुवातीची खरेदी ती, पंप आणि हवेचं मीटर.

छत्रूपर्यंत फोर-हाय पुरलं. छत्रूत चहा घेतला आणि पुढे चढावर मोकळ्या धोंड्यांचा पट्टा लागला. तिथे गाडी थांबवून, क्लच दाबून दांडा फोर-लोमध्ये टाकला. इंजिन तेवढंच फिरतं, गाडी साधारण निम्म्या वेगाने सरकते आणि चाकांवर जोर दुप्पट येतो. पहिल्या गिअरमध्ये ती माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालते. या सावकाशीची सवय व्हायला वेळ लागतो. शहरातला पाय सारखा ॲक्सिलरेटरकडे धावतो, आणि दगडावरून जोरात नेलेली गाडी दगडावर तितक्याच जोरात आपटते.

ताई पुढे चालत होती. तिने टायरएवढ्या एका धोंड्यावर पाय ठेवून डोलावून पाहिला, मग मला हाताने डावीकडे घेतलं. मन म्हणतं, मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढावा. तिथेच पोट लागतं. चाक दगडावर चढवायचं, म्हणजे सगळी गाडीच वर उचलली जाते. मी डावं चाक त्यावर चढवलं आणि दुसऱ्याच क्षणी गाडी तिरकी होऊन थांबली. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं, दोन्ही हलकी होऊन जागच्या जागी गरगरत होती. या गाडीला डिफ-लॉक नाही. त्याऐवजी फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे पाठवणारी यंत्रणा आहे, आणि ती कामाला लागायला पळभर अवधी लागतो. ॲक्सिलरेटर सोडला तर सगळंच थांबतं. ताईने तळहात समोर धरला, तसाच ठेव. मी पाय तसाच ठेवला. खालून ब्रेकचा करकर आवाज आला, गाडी थरथरली आणि कुणी मागून हलकेच ढकलावं तशी वर सरकली.

छोटा दराच्या अलीकडे एका नाल्यापाशी हिमाचल परिवहनची बस उभी होती. मनालीहून काझ्याला जाणारी ही साधी बस, तिला फोर बाय फोर नाही की काही नाही. कंडक्टर खाली उतरून पाण्याचा अंदाज घेत होता, ड्रायव्हर दाराशी टेकून पाहत होता. मग त्याने बस वरच्या अंगाने, पाणी जिथे पसरून खळखळत होतं तिथून काढली. गुळगुळीत, शांत दिसणाऱ्या धारेकडे तो फिरकलाही नाही, कारण खोली तिथेच असते. या रस्त्यावर दुसरी शाळा शोधायची गरज नाही, या बसच्या मागे राहिलं तरी पुरे.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. नाल्यांना पाणी वरच्या बर्फाचं. ऊन चढेल तसं ते वितळतं, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीपर्यंत येतो. म्हणून पहाटे निघायचं. मी बूट काढून आत उतरले. पाणी इतकं गार की पलीकडे पोचेस्तोवर बोटं बधिर झाली, पण तळ दगडी आणि पक्का लागला, खोली गुडघ्याखाली. जे पाणी पायी ओलांडता येत नाही त्यात गाडी घालू नये. पट्टा लावला, फोर-लो, दुसरा गिअर, क्लचवरचा पाय पूर्ण काढलेला. पाण्यात गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही आणि घाईही करायची नाही. बंपरसमोर पाण्याची एक छोटी लाट तयार झाली, ती तशीच पुढे ढकलत आम्ही पलीकडे निघालो. वर आल्यावर ब्रेक थोडे दाबून वाळवून घेतले.

बातलनंतर चंद्रतालचा फाटा. अरुंद, एका गाडीपुरता. वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा इथला रिवाज सगळे पाळतात. सुमारे ४,३०० मीटर उंचीवरचं हे तळं २००५पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. गाड्या अलीकडेच थांबतात, पुढे पायी. थांब्याच्या बाहेर गवतावर गेलेल्या चाकांचे खोल चरे दिसले तेव्हा मला संताप आला. या उंचीवर गवत वर्षातून फार थोडे महिने वाढतं, तो चरा भरायला किती हंगाम लागतील! फोर बाय फोर आहे म्हणून वाट सोडायचा हक्क मिळत नाही.

कुंझुमचा चढ वळणावळणांचा. साडेचार हजार मीटरवर हवा विरळ, पेट्रोल इंजिनाचा दम निघतो. दुसऱ्या गिअरमध्ये मरगळलेली गाडी पहिल्यात टाकली की शहाण्यासारखी चढते. माथ्यावर कुंझुम मातेच्या मंदिराला गाडीतूनच प्रदक्षिणा घालायची इथल्या ड्रायव्हरांची प्रथा, आम्हीही घातली. उतरताना ब्रेकवर पाय रोवून बसलं तर ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू दिली.

लोसरच्या पोलीस चौकीत नावं लिहिली. पुढे रस्ता सुधारला तसं टू-हायवर आलो, कारण पकड असलेल्या रस्त्यावर फोर बाय फोर ठेवलं तर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण गिअरांवर येतो. पंप काढून हवा भरली, ताईने खाली वाकून नटबोल्ट आणि चाकांत अडकलेले दगड तपासले. पुढच्या बंपरखाली एक ओरखडा, बाकी सगळं जागेवर. काझ्यात टाकी भरली आणि जेवताना परतीचं ठरवलं. बातल ते छत्रू ताई चालवणार, पुढे चालायची पाळी माझी.