मधले वर्ष

आपल्याकडे विद्यार्थ्याचे वर्ष वाया जायला दोनच कारणे मान्य आहेत : नापास होणे आणि विषमज्वर. आपण होऊन, हसतमुखाने एक वर्ष मोकळे ठेवायचे, हे तिसरे कारण आपल्या घराण्यांनी अजून मंजूर केलेले नाही. प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांत वर्षाचा खंड दिसला, की खिडकीतला कारकून चष्म्यावरून पाहतो आणि 'गॅप सर्टिफिकेट' मागतो. मधल्या काळात आपण काय करीत होतो, हे शपथेवर लिहून द्यायचे. जणू वर्षभर आपण दरोडेच घालीत होतो! डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांचे तर विचारूच नका. बारावी झाली की 'नीट', आणि 'नीट'मध्ये गुण कमी पडले की लातूरला नाहीतर थेट राजस्थानात कोट्याला जाऊन पुन्हा तीच पुस्तके. त्या वर्षाला 'ड्रॉप' म्हणतात. शिक्षा मात्र सक्तमजुरीची.

म्हणून न्यू जर्सीहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तिच्या स्वरातली काळजी मला अस्सल पुणेरी वाटली. "दादा, ती गडचिरोलीला जाऊन बसली आहे. तू एकदा बघून ये."

'ती' म्हणजे माझी भाची. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाची रीत निराळी आहे. आपल्याकडे बारावीनंतर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप. तिकडे आधी चार वर्षे कॉलेज करून पदवी घ्यायची, 'एमकॅट' नावाची परीक्षा द्यायची, मग आणखी चार वर्षे मेडिकल स्कूल आणि त्यानंतर रेसिडेन्सी. अर्ज उन्हाळ्यात भरायचा, हिवाळाभर मुलाखती द्यायच्या आणि प्रत्यक्ष वर्ग भरायचा पुढच्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुमारास. त्यामुळे मध्ये एखादे वर्ष घेणारी मुले तिथे निम्म्याहून अधिक असतात. कोणी प्रयोगशाळेत राबतो, कोणी रुग्णवाहिकेवर काम करतो. प्रवेश-अर्जात अशा कामांसाठी पंधरा रकाने राखलेले असतात. आपल्याकडे ज्याचे प्रतिज्ञापत्र लागते, त्याचेच तिकडे भूषण!

बहिणीची काळजी वर्षाची नव्हती. भाचीला फेब्रुवारीतच प्रवेश मिळाला होता. पण एप्रिलअखेर पक्के काय ते कळवायचे, आणि पोरगी फोनवर म्हणाली होती, "आई, मी डॉक्टर व्हावं की नाही, मला ठाऊक नाही."

मार्चमध्ये मी निघालो. पुण्याहून रेल्वेने नागपूर आणि तिथून एस. टी. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी अशी गावे मागे पडतात, वैनगंगेचे रुंद वाळवंट ओलांडले की आरमोरी येते आणि मग गडचिरोली. पुण्याच्या माणसाला महाराष्ट्र नागपूरला संपल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तिथून पुढे चार-पाच तास तो धानाच्या बांध्यांतून चालतच राहतो. पळस असा फुलला होता की पानांचा पत्ता नव्हता. शेजारच्या आजोबांनी मला विचारले, "कोनाकडं जाता?" मी 'सर्च' म्हणालो. "बंग डॉक्टरकडं," ते म्हणाले आणि सरकून बसले. पुढच्या प्रवासात मला खिडकी मिळाली.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला सुमारे सतरा किलोमीटरवर, चातगावजवळ, शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघेही नागपूरला शिकले, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आले आणि 1986 साली या जिल्ह्यात कामाला लागले. (जिल्हा तरी किती जुना? 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झालेला!) इथला दवाखाना पाहून मी गोंधळलोच. मजले नाहीत, लांबलचक वॉर्ड नाहीत. झाडांत विखुरलेल्या झोपड्यांसारख्या बैठ्या खोल्या. आदिवासी रुग्णाला मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि एकट्याला राहवत नाही, म्हणून त्याच्या गावासारखाच दवाखाना बांधला, आणि नाव दिले त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे.

भाची सुती सलवार-कमीज घालून समोर आली. उन्हाने रापली होती. तिचे काम काय? तर नोंदवह्यांतले आकडे संगणकात भरणे आणि आठवड्यातून काही दिवस कार्यकर्त्यांबरोबर खेड्यांत जाऊन वह्या तपासणे. रुग्णाला हात लावायचा नाही. शिकाऊ मुलांनी परदेशी जाऊन, जे काम करायची मायदेशी परवानगी नाही ते गरिबांवर करून पाहू नये, असे तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनेही बजावलेले आहे. मला ते ऐकून बरे वाटले. गरिबाच्या अंगावर हात साफ करून आलेले डॉक्टर आपण काय कमी पाहिले आहेत?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याबरोबर एका गावी गेलो. मोहाची फुले रात्रभर गळली होती. बायका-मुले झाडांखाली टोपल्या घेऊन वाकली होती आणि हवेला गोड, किंचित आंबूस वास होता. तिथल्या आरोग्यदूत बाई आम्हांला एका घरी घेऊन गेल्या. बाळ बारा दिवसांचे. मी परका, म्हणून अंगणातच बसलो; दारातून सगळे दिसत होते.

बाईंनी हात धुतले, बाळाला कापडाच्या झोळीत घालून काट्याला लावले. भाचीने वजन लिहून घेतले. मग बाईंनी एक छोटी पाटी काढली. तारांत ओवलेले मणी आणि सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ श्वास ही मर्यादा, त्याहून मोठ्या मुलाचे पन्नास. म्हणून दोन वेगळ्या ओळी. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, तर न्यूमोनियाची शंका. मोठे आकडे न येणाऱ्या दाईलाही निदान करता यावे म्हणून डॉ. बंगांनी काढलेली ही युक्ती.

एक मणी सरकला. दुसरा. तिसरा. आईने श्वास रोखला होता. चौथा. घड्याळात अजून वाळू होती. पाचवा सरकला, तेव्हा मी नकळत उठून उभा राहिलो होतो. मग वाळू संपली. लाल मणी जागच्या जागी होता. बाई हसल्या, बाळ आईच्या कुशीत दिले आणि वही पुढे केली.

एवढ्याशा कामाचे मोल मोठे आहे. इथल्या 39 गावांत अशा बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळे सांभाळली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट'ने ते छापले, आणि 2011 पासून देशभरच्या 'आशा' ताई नवजात बाळांसाठी घरभेटी देतात.

परतताना भाची म्हणाली, "मामा, माझा गोंधळ हाच आहे. पाचवी-सातवी शिकलेली बाई हे करते. मग मी आणखी आठ-दहा वर्षं आणि एवढं कर्ज कशासाठी?"

उत्तर मी देणार होतो. मामा झाल्यावर उपदेशाचा मोह आवरत नाही. पण आरोग्यदूत बाई मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या औषधानं पुष्कळ पोरं बरी होते. जे नाही होत, त्याले दवाखान्यातच न्या लागते. तिथं डॉक्टर नसन, तर मी मोजून काय करू?"

भाची काही बोलली नाही. मग बाईंनीच विचारले, "तुमी एवढ्या शिकल्या, अन् अजून डॉक्टर नाही?" भाचीने मधल्या वर्षाची गोष्ट सांगितली. बाई ऐकत राहिल्या. त्यांची मुलगी बारावीला आहे, नर्सिंगला जायचे म्हणते. "तिले नाही परवडनार वर्ष सोडणं," त्या सहज म्हणाल्या. त्या सहजपणाने आम्ही दोघेही गप्प झालो. मोकळे वर्ष ही ज्याच्या घरी दोन वेळची चूल निश्चित आहे त्याचीच मिरास आहे. ती घेणाऱ्याने निदान एवढे तरी ओळखून घ्यावी.

रात्री जेवणात भात आणि लाखोरीची डाळ होती. भाचीने दोनदा वाढून घेतली आणि म्हणाली, "मी होकार कळवते आहे. पण जूनपर्यंत इथेच राहणार. वह्या अर्ध्या टाकून कशी जाऊ?"

नागपूरला पोहोचल्यावर मी बहिणीला फोन लावला. प्रवेशाचा निरोप ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने तो प्रश्न विचारलाच, "पण दादा, एवढं वर्षभर तिथे राहून ती शिकली काय?"

"एक मिनिट नीट मोजायला," मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. फोन बंद पडला की काय, म्हणून मी पाहिले. चालू होता.