बिकलम

परवा वडिलोपार्जित घराच्या वाटणीपत्रासाठी एका नोंदणी कचेरीत जाण्याचा प्रसंग आला, आणि काचेच्या ज्या इवल्याशा चौकोनावर हल्ली अंगठा टेकवावा लागतो त्याने माझा अंगठा काही केल्या स्वीकारला नाही. "बाबा, रेषा झिजल्यात तुमच्या," असे म्हणून तेथील तरुण कारकुनाने खिशातून आपला रुमाल काढला, माझा अंगठा धरून खसाखसा पुसला आणि पुन्हा काचेवर दाबला. या खेपेस तो उमटला. त्या मुलाचे आभार मानण्याचेही मला सुचले नाही, कारण परक्या माणसाचा अंगठा असा हाती धरून पुसताना मी एकाच गृहस्थाला पाहिले होते, आणि तेही उलट्या क्रमाने: आप्पा अंगठा आधी उमटवून घेत व मग पुसत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दस्तलेखक होते. धुळ्याच्या कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली सतरंजीचा तुकडा अंथरून, उतरत्या झाकणाची पेटी पुढ्यात ओढून, ते जे लिहावयास बसत ते शेवटच्या पक्षकाराची बैलगाडी पांझरेपलीकडे निघून जाईपर्यंत. आणि खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, तगाईचे अर्ज, असे जे जे म्हणून माणसाला सरकारदरबारी आपल्या मालकीविषयी किंवा आपल्या नाइलाजाविषयी सांगावयाचे असते, ते सारे त्यांच्या टाकातून कागदावर उतरे. पक्षकार अहिराणीत बोलत, भांडत, क्वचित रडत; आप्पा मान खाली घालून ऐकत, आणि मग 'सबब', 'मजकूर', 'राजीखुशीने' अशा ज्या भाषेत ते लिहीत तिच्यात रडण्याला जागाच नव्हती. प्रत्येक दस्त 'मी' या अक्षराने चाले. दिवसभर इतक्या जणांच्या वतीने 'मी' लिहिणारा हा मनुष्य घरी आल्यावर स्वतःविषयी मात्र अवाक्षर काढीत नसे. कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे आला की तो संपवावा, दुसऱ्या दिवसाचे कच्चे खर्डे काढावेत आणि कंदील बारीक करून निजावे, असा त्यांचा क्रम होता. मी जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकत असताना त्यांची जी पोस्टकार्डे येत त्यांवर मजकूर ठरलेला: सर्व कुशल, फी पाठविली आहे, पावती जपून ठेवावी.

एका दुपारी मी डबा घेऊन कचेरीत गेलो होतो. पेटीसमोर एक म्हातारी बसली होती, आणि तिच्यामागे छत्री टेकून उभा असलेला सावकार पुनःपुन्हा कचेरीच्या दाराकडे पाहत होता. दस्त शर्तीच्या खरेदीचा असावा, कारण म्हातारीचा प्रश्न एकच होता: "आप्पा, मन्हं वावर ऱ्हाई ना?" आप्पांनी दस्त पहिल्यापासून वाचला, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून तेच तिला अहिराणीत सांगितले, मुदत टळली तर काय होईल हेही सांगितले. सावकाराने घसा खाकरला. आप्पांनी ते वाक्य पुन्हा वाचले. मग त्यांनी म्हातारीचा डावा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, शाईवर आणि नंतर कागदावर हलकेच वळवला, शेजारी 'निशाणी डावे हाताचा अंगठा' असे लिहिले, खाली लिहिणाऱ्याचे म्हणून आपले 'बिकलम' घातले, आणि उपरण्याचे टोक दौतीजवळच्या पाण्यात भिजवून तो अंगठा नखाच्या कडेपर्यंत पुसून दिला. मी डबा घेऊन उभा होतो. माझा हात त्यांनी असा कधी धरला होता का, असा विचार तेव्हा मनात आला आणि तो मी अजून सोडलेला नाही.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील कुणबी सावकारांवर उठले तेव्हा त्यांनी मुख्यतः मागितले ते कर्जरोखे, आणि हाती येताच त्यांची होळी केली. पुढे १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचा दस्त सरकारी गावनिबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद केली. या पुण्या-नगरच्या दंग्याचा आमच्या धुळ्याच्या पेटीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एवढाच, की लिहिणारा नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या निंबाखालीही सुटलेला नव्हता. मेहनताना बहुधा सावकार देई, आणि आप्पांच्या हाती फार तर दस्त दोनदा वाचण्याची सत्ता असे. ती सत्ता त्यांनी पुरेपूर वापरली असे मी मानतो. पण तिच्याने किती वावरे वाचली, याचा हिशेब मी मांडायला बसत नाही.

धुळे हे तसे कागदांचे गाव. इतिहासाचार्य राजवाड्यांनी खेडोपाडी फिरून जमविलेली दप्तरे याच गावी विसावली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाड्यांनी देह ठेवला तोही येथेच. येथल्याच तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, आणि ते उतरून घेतले साने गुरुजींनी. बोलणाऱ्याच्या मागे धावणारी त्यांची लेखणी तेथे नसती तर ती प्रवचने त्या भिंतींतच विरली असती. गुरुजींना पुढे स्वतःची कीर्ती लाभली. पण जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, आणि घरोट ओढताना, शेतात राबताना त्यांच्या मुखातून निघालेली गाणी ज्यांनी वेळोवेळी टिपून ठेवली, त्यांत त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्याबरोबर सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी हेही होते, हे किती वाचकांच्या ध्यानी असते? ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. १९५२ साली पुस्तक निघाले, अत्र्यांची प्रस्तावना गाजली, सोपानदेव तर स्वतःच कवी. पितांबर मात्र त्या कथेत एका ओळीपुरते येतात आणि जातात. मला त्यांच्याविषयी विलक्षण ममत्व वाटते. काम आटोपून बसलेला एखादा गृहस्थ, घरातल्या बाईचे बोलणे कानी पडताच कागद ओढतो, हे कौतुक मला अत्र्यांच्या प्रस्तावनेहून मोठे वाटते.

आणि येथे आप्पांवरचा माझा राग जागा होतो. आमची मायही पहाटे जात्यावर बसे. धाब्याच्या घरातली ती एकच भिंत. तिच्या अलीकडे आप्पा कंदिलाच्या उजेडात खर्डे लिहीत आणि पलीकडे माय ओव्या गाई, नवऱ्याच्या, माहेरच्या, कानबाईच्या, आणि काही अगदी तिच्या स्वतःच्या. अर्ध्या तालुक्याचे शब्द ज्यांच्या टाकातून उतरले, त्यांनी भिंतीपलीकडची एक ओवी लिहून ठेवू नये? पुढे वाड्यालगत पिठाची गिरणी आली, जाते उंबऱ्याबाहेर गेले, आणि मायही गेली. पक्षकार समोर येऊन बसल्याखेरीज आप्पा लिहीत नसत, आणि माय कधी समोर बसली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. ती मला पटत नाही.

म्हणूनच आता अमळनेरला बहिणीकडे, अक्काकडे, गेलो की वही घेऊन जातो. तिला मायच्या ओव्या येतात, पण कानबाईच्या गाण्यांत मिसळलेल्या, आणि हाताला काम असल्याशिवाय येत नाहीत. गहू निवडायला घेतले की ती गाते, मी "थांब" म्हटले की तिला मधून धरता येत नाही आणि ती पुन्हा पहिल्यापासून लागते. गेल्या खेपेस ती चिडली. "आप्पांना असं थांबवावं लागत नसे कोणाला," ती म्हणाली. आप्पांनी तर कधी विचारलेच नाही, असे मी म्हणताच तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला.

"तुला काय ठाऊक? विचारलं होतं एकदा. तू झोपलेला. माय म्हणे, मेहनताना किती पडेल?"

"मग? आप्पा काय म्हणाले?"

"म्हणतील काय? टोपी घातली नि कचेरीला गेले."