फुलांवरील उजेड

पुष्पचित्र समोर आलें कीं आपण प्रथम फुलें ओळखूं लागतों आणि लागलीच त्यांचे अर्थ सांगूं लागतों: गुलाब म्हणजे प्रीति, कमळ म्हणजे पावित्र्य. जणूं काय चित्र म्हणजे एखादा शब्दकोशच! परंतु मला असें वाटतें कीं, फुलाचा अर्थ त्याच्या नांवापेक्षां त्याच्यावर पडलेल्या उजेडांत अधिक असतो.

हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयांत अँब्रोसियस बोशार्ट या चित्रकाराचें सुमारें १६१८ सालचें एक पुष्पचित्र आहे. खिडकींतील कांचपात्रांत निरनिराळ्या ऋतूंचीं फुलें एकत्र मांडिलीं आहेत. असा गुच्छ सृष्टींत एका दिवशीं मिळणें अशक्य. तो चित्रकाराच्या मनांतला. उजेड मात्र खरा. तो पाकळीची एक कड उजळतो, दुसरी छायेंत सोडतो. छाया आली कीं दिवसाची वेळ आली, आणि वेळ आली कीं कोमेजणें आलेंच. किडीनें पानांना पाडलेलीं भोंकेंहि तेंच सांगतात.

आतां आपल्या अहमदनगरच्या निजामशाहीकडे वळूं. हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी या कवीनें 'तारीफ-इ-हुसेनशाही' हें फारसी काव्य रचिलें. त्याची सोळाव्या शतकांतील सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. तींतील एका चित्रांत राणी खुंझा हुमायून हिच्या स्पर्शानें वृक्ष बहरला आहे. 'दोहदा'ची ही कल्पना मूळची संस्कृत काव्यांतील. येथें उजेड कोणत्याच एका बाजूनें येत नाहीं. छाया नाहीं, म्हणून प्रहरहि नाहीं. हा बहर कधीं ओसरणारच नाहीं असें वाटतें. प्रत्यक्षांत १५६९ सालीं पुत्र मुर्तझा यानेंच राणीस कैद केलें, आणि त्याच ग्रंथांतील इतर चित्रांतून तिची आकृति पुसली गेली. बहर मात्र राहिला.

मग खरा उजेड कोणता? आमच्या घरीं वडिलांच्या तसबिरीस आई रोज झेंडूचा हार घालते. छायाचित्रकारानें समोरून प्रकाश टाकल्यामुळें त्यांच्या मुद्रेवर छाया मुळींच नाहीं. ते कायमचे चाळीस वर्षांचे. हारावर मात्र पूर्वेच्या खिडकींतील ऊन येतें आणि दुपारीं तो मलूल होतो. कागदी हार आणूं का, असें मीं एकदां विचारलें. आई म्हणाली, "जें सुकत नाहीं तें बदलावें लागत नाहीं. मग रोज त्यांच्यापुढें उभें राहायला निमित्त काय?"

न ढळणारा उजेड आणि ढळणारें ऊन हीं दोन्ही तेथें एकाच भिंतीवर आहेत. आणि त्यांतील कोणतेंहि एक आतां मला खोटें म्हणवत नाहीं.