अडीच फुटांचं स्टेशन

जिथं पैसा दिसला तिथं इंग्रजांनी साडेपाच फुटी रूळ टाकले. उरलेल्या मुलखात कित्येकांच्या वाट्याला अडीच फूट आले. नागपूर-नागभीड ही त्या उरलेल्यांतली. बंगाल नागपूर रेल्वेनं १९०८ मध्ये ती सुरू केली आणि पाच वर्षांत नागभीडहून रूळ चांद्यापर्यंत नेले. अरुंद रुळांना जमीन कमी लागते, पूल हलके चालतात, वळणं आखूड घेता येतात. हिशेब सगळा काटकसरीचा. कुही, तितूर, भुयार, टेंपा या गावांना स्टेशन मिळालं ते या काटकसरीतून, कुणाच्या कौतुकातून नव्हे.

तरी गावानं ते आपलंसं केलं, आणि मला वाटतं, ते स्वस्त होतं म्हणूनच करता आलं. फलाट म्हणजे मुरूम टाकून चोपलेली जमीन. शेतातून आलेला माणूस चपलेच्या मातीसकट थेट डब्याच्या पायरीवर पाय ठेवायचा. नागपूरच्या इतवारीहून नागभीड जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण गाडी चार तासांहून जास्त घ्यायची. त्या वेळात डब्यात सोयरीक जुळे, जमिनीची भांडणं उकरली जात, मंडईच्या जत्रेच्या दिवसांत नाटकांच्या गप्पा झडत. भिवापूरला मिरचीची पोती चढली की आख्खा डबा शिंकायचा आणि कुणी तक्रार करायचं नाही. सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या खळ्यावर, दिवसभर देठ खुडून आलेल्या बायांनी कोणत्या तोंडानं करावी? उशिरा पोचलेल्याला फाटकावरच कळायचं. “गेली का जी?” असं विचारलं की “आत्ताच गेली” हेच उत्तर ठरलेलं, गाडी तासाभरापूर्वी गेली असली तरी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ही लाइन बंद झाली. रुंदीकरणासाठी, म्हणजे मरण म्हणावं तर तेही नाही. मोठ्या लाइनची मागणी याच पट्ट्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं केली होती, ते काम महारेल या रेल्वे-बांधणीच्या कंपनीकडे गेलं. गोंदिया-चांदा मार्ग त्याआधीच मोठा झाला होता. त्यामुळे इकडचे प्रवासी नागभीडला उतरून दुसऱ्या रुळांवरची गाडी पकडत. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेनं धापा टाकत जाणाऱ्या गाडीबद्दल शहरातल्या हौशी लोकांना उमाळा येतो. त्यांनी बाळंतीण घेऊन नागपूरचं मोठं हॉस्पिटल त्या गाडीनं कधी गाठलेलं नसतं.

नागपुरात मोतीबागला २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. इंजिनं तिथं रंगवून ठेवली आहेत, मुलं त्यांच्यावर चढतात. इंजिन जपता येतं, त्याला नंबर असतो. तितूरच्या मुरमाच्या फलाटाला कुठला नंबर देणार? या स्टेशनांचा इतिहास कंपनीच्या कागदांत मालाच्या टनांत मोजलेला सापडेल. उतारूंचा इतिहास कागदावर उतरलाच नाही, कारण उतारू हा कंपनीच्या दृष्टीनं किरकोळ माल होता.

मोठी लाइन उंच फलाट, विजेचं इंजिन आणि वेग आणते. वेगाला थांबे परवडत नाहीत. अडीच फुटी गाडी टेंपाला थांबायची, कारण तिला कुठंच पोचायची घाई नव्हती. साडेपाच फुटी गाडी तिथं का थांबावी, हे आता टेंपाला अर्ज करून पटवावं लागेल, आणि त्या अर्जात उतारूंची संख्या लिहावी लागेल.