रिकामं बसणं

जून उजाडला की आमच्या भाईंदरच्या सोसायटीत माझा भाव वधारतो. एरवी पार्किंगच्या भांडणात माझं कुणी ऐकून घेत नाही. पण निकाल लागले की लिफ्टमध्ये, जिन्यात, रविवारी मासळीबाजारात गाठून विचारतात, ‘काका, पोराला मोठ्या कंपनीनं अप्रेंटिस म्हणून बोलावलंय. पाठवू ना?’ मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न येतो, ‘नंतर पर्मनंट करतात ना?’

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये माझी उभी हयात गेली. शिकाऊ उमेदवार निवडायचे, खात्याखात्यातून फिरवायचे, त्यांच्या रोजवह्या तपासायच्या, वर्ष सरलं की दाखला हातात द्यायचा, हा माझा धंदा. पर्मनंटच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या मनानं देत नाही, शिकाऊ उमेदवारी अधिनियमातच ते दिलेलं आहे. १९६१च्या या कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. त्याला पुढे नोकरीत घ्यायचं की नाही याचं धोरण ज्या त्या कंपनीनं ठरवायचं. करारातच तशी अट असेल तरच ती बांधील. रेल्वेनं आपल्याकडे शिकलेल्या अप्रेंटिसांसाठी सर्वात खालच्या श्रेणीतल्या भरतीत २० टक्के जागा राखल्या आहेत. खासगी कंपनीत असली सोय फारशी नसते. म्हणजे आईबाप जो प्रश्न पहिला विचारतात, तो खरं तर शेवटी विचारायचा.

आधी कुठल्या प्रकारची उमेदवारी आहे ते बघावं. पदवी हातात पडल्यावर वर्षभर कंपनीत शिकायचं, ही जुनी पद्धत. इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमावाले १९७३च्या दुरुस्तीनं कायद्यात आले, २०१४च्या दुरुस्तीनं इतर शाखांनाही दार उघडलं. नवी पद्धत पदवीच्या आतलीच. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२०मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निदान एक सत्र कंपनीत काढायचं, त्याचे क्रेडिट गुणपत्रिकेत धरले जातात. ब्रिटननं असल्या पदव्या २०१५मध्ये सुरू केल्या. तिथे शिकवणीची फी सरकार आणि कंपनी भरते, मुलाच्या खिशाला हात लागत नाही. आपल्याकडे कॉलेजची फी बाप भरतो आणि कंपनी विद्यावेतन देते. २०१९च्या नियमांनी पदवीवाल्या उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरवले. २०२५मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं त्यात ३६ टक्के वाढ सुचवली. कंपनीनं किमानापेक्षा जास्त दिलं तर कुणाची ना नाही. स्टेट बँकेनं २०२३मध्ये ६,१६० अप्रेंटिसांची जाहिरात काढली, तेव्हा महिना १५,००० देऊ केले होते. मीरा रोडच्या निम्म्या बी.कॉम. मुलांनी तेव्हा अर्ज भरले असावेत, इतक्या जणांचे फोन मला आले.

मग कारखाना केवढा आहे ते बघावं. भाईंदर पूर्वेला नवघर-गोडदेवच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. दार ओलांडलं की पत्र्याचा खणखणाट आणि बफिंगची काळी धूळ. तिथे लागलेला पोरगा पंधरवड्यात हाताशी येतो, कारण शेठला माणूस रिकामा ठेवणं परवडत नाही. मशीन एक, ऑर्डर उद्याची. शिकशील नाहीतर घरी जाशील. मात्र पॉलिशवर लागला की तो पॉलिशवरच म्हातारा होतो. प्रेसवर काय चाललंय, पत्रा कुठून येतो, माल का परत आला, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. या गाळ्यांना अप्रेंटिस घेण्याची सक्तीही नाही. ती तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आहे. त्यांनी एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे असतात.

मोठ्या कंपनीत नेमकं उलटं होतं. तिला तुमचं रिकामं बसणं परवडतं. हजारो माणसांच्या कारखान्यात एक मुलगा वर्षभर स्टोअरच्या कोपऱ्यात खुर्ची धरून बसला तरी उत्पादन तसूभरही घटत नाही. गेटवर पंच होतो, कँटीनमध्ये स्वस्तात जेवण मिळतं, विद्यावेतन खात्यावर पडतं, घरी सगळे खूश. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी वाया गेली ती बहुतेक अशीच, सुखात. ढोरमेहनतीनं कुणी वाया गेल्याचं मला फारसं आठवत नाही.

एका मुलीची गोष्ट सांगतो. मीरा रोडची, मेकॅनिकलची पदवीधर, गुणवत्ता खात्यात फिरतीवर आलेली. शंभर मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट टर्न होत होते. दुसऱ्या पाळीचा माल सकाळी तपासणीत नापास व्हायचा, माप कमी भरायचं. ऑपरेटर शपथेवर सांगायचा की मी मायक्रोमीटर लावूनच जॉब उतरवला. तपासणीवाले म्हणायचे, आमच्या उपकरणाचा दाखला ताजा आहे. दोघंही खरं बोलत होते. चार दिवस मेलामेली चालली. या मुलीला तोवर एक्सेलमध्ये आकडे भरायला बसवलं होतं. तिनं विचारलं, ‘सर, मी दुसऱ्या पाळीला थांबू का?’ मी परवानगी काढून दिली, तिची पाळीच बदलून घेतली.

तिथे तिची गाठ एका जुन्या फिटरशी पडली. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या शाफ्टवर हाताची पालथी बाजू टेकवली आणि तिलाही टेकवायला लावली. चटका नव्हता, पण जॉब चांगलाच कोमट होता. ‘गरम जॉब मोजायचा नसतो पोरी,’ एवढंच बोलून ते चहाला गेले. पोरगी कागद घेऊन बसली. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा जगभरचा दंडक आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब ४० अंशांवर असेल तर शंभर मिलिमीटरला सुमारे २३ मायक्रॉनचा फरक. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पण आमची सगळी सूट वीस मायक्रॉनची. ऑपरेटर कोमट जॉब मोजून बरोबर माप काढत होता. रात्रभरात तो जॉब तपासणीच्या वातानुकूलित खोलीत थंड होऊन आक्रसत होता. दिवसपाळीत हे का होत नव्हतं? दिवसा तपासनीस शेजारी असायचा, जॉब थोडा निवल्यावरच उचलला जायचा. रात्री घाई.

प्रसरणाचा गुणांक तिनं पहिल्या वर्षाला पाठ केला होता. काकांना गुणांक हा शब्द माहीत नव्हता. दोघांची गाठ पडली म्हणून काम झालं, आणि ती पडली कारण तिनं काम मागितलं. कंपनीनं तिला आपणहून दुसऱ्या पाळीला कधीच पाठवलं नसतं.

हे काम मागणं दिसतं तितकं सोपं नाही, हे मला कबूल आहे. भाईंदरहून पहिल्या पाळीला यायचं तर कंपनीची बस काशिमीऱ्याच्या नाक्यावर अंधारात पकडावी लागते. ती चुकली तर घोडबंदर रोड, आणि गायमुखच्या चढावर एक ट्रक बंद पडला की दिवसाचं खोबरं. संध्याकाळी परतल्यावर ऑनलाइन लेक्चर, शनिवारी कॉलेज. कॉलेजला हजेरी हवी, कंपनीलाही हवी. दोघांच्या पत्रव्यवहारात मुलगा शटलकॉकसारखा उडतो. एका कॉलेजनं कंपनीतल्या सत्राची हजेरीसुद्धा वर्गातल्या मस्टरवर मागितली होती! अशा वेळी मुलं दमतात, आणि दमलेल्या माणसाला रिकामी खुर्ची फार गोड लागते.

त्यात गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीचा रंग वेगळा. पर्मनंटची एक, कंत्राटी माणसाची दुसरी, अप्रेंटिसची तिसरी. जुने कामगार सुरुवातीला अंतर ठेवतात, कारण उद्या हाच साहेब होऊन आपल्या डोक्यावर बसणार अशी शंका. ती अगदीच खोटी नसते. माझा सल्ला एकच असतो. पहिले पंधरा दिवस डबा ऑफिसच्या टेबलावर उघडू नका, शॉप फ्लोअरवरच्या माणसांबरोबर खा. तिथे जे कळतं ते कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये नसतं.

आमच्या बिरादरीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. स्वस्तातला क्लार्क म्हणून अप्रेंटिस घेणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पदवीधराला वर्षभर स्कॅनिंगला बसवायचं आणि दाखल्यावर ‘समाधानकारक’ लिहायचं, ही सरळ फसवणूक आहे. ऑर्डरची घाई आली की त्याच अप्रेंटिसला रात्री थांबवून घ्यायचं, हा दुसरा प्रकार. कायदा सांगतो की सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावायचा नाही. कारखान्यात सुरक्षिततेचे कामगारांचेच नियम त्याला लागू आहेत, आणि काम करताना इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची आहे. ‘तू ट्रेनी आहेस, तुला काही मिळत नाही,’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

म्हणून पोराला पाठवायच्या आधी, पालकहो, एवढं बघा. प्रशिक्षणाचा आराखडा लेखी मागा, कुठल्या महिन्यात कुठलं खातं ते त्यात हवं. मुलाची रोजवही कोण तपासणार त्या माणसाचं नाव विचारा. नावच सांगता येत नसेल तर तिथे कुणी तपासत नाही असं धरून चाला. आणि करार सरकारी पोर्टलवर नोंदवला आहे का ते स्वतः उघडून पाहा. पदवीधरांच्या बाबतीत शंका असेल तर मुंबईत शीवच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळात विचारता येतं. नोंदणी नसेल तर कंपनीचं नाव कितीही मोठं असो, ती उमेदवारी नव्हे. ते पत्र परत करा.