कावळा आणि ओडिसिअस

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. कामोठ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बाबांसाठी घास ठेवून मी 'काव काव' करत उभा. (साडेअकराला क्लाएंट कॉल!) खालून आईचं चालूच, "शिवला का रे?"

नुकताच होमरच्या 'ओडिसी'चा अकरावा सर्ग वाचला होता. ओडिसिअस मृतांच्या देशाच्या वेशीवर खड्डा खणतो, त्यात दूध-मध, वाइन, पाणी ओततो, वर जवाचं पीठ. म्हणजे आपलं तर्पणच की! मग मेंढ्यांचं रक्त. तिथले मृतात्मे नुसत्या सावल्या. त्याची सख्खी आई समोर, पण मुलाला ओळखत नाही. रक्त पिते तेव्हा ओळखते, आणि सांगते की आजाराने नाही, तुझ्या ओढीने गेले. तो तीनदा मिठी मारायला जातो, तिन्ही वेळा हात रिकामे.

बाबा गेले तेव्हा मी ऑनसाइट, डॅलसला. कशाने गेले ते रिपोर्टमध्ये आहे. माझी वाट बघत होते का, हे आईला अजून विचारलेलं नाही.

कावळा आला. वरणभात सोडून भजं उचललं नि मानसरोवर स्टेशनकडे उडाला. भजी बाबांच्या आवडीची.

खाली जाऊन आईला एवढंच म्हणालो, "शिवला."